कोरकूचे नातेवाईक

कांदिवली पूर्वेला उतरून आकुर्ली रोडने ठाकूर व्हिलेजकडे चालत निघालात, तर अर्ध्या तासात आठ-दहा भाषा सहज कानावर पडतात. भाजीच्या गाडीवर भोजपुरी, फरसाणच्या दुकानात गुजराती, उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर तुळू, सायकलवरच्या इडलीवाल्याची तमिळ, आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला आपली मुंबईची हिंदी. मराठी म्हणावी तर तिच्याही तऱ्हा आहेतच. चारकोप गावातल्या कोळ्यांची वेगळी, पोईसरच्या जुन्या ईस्ट इंडियन घरांतली वेगळी, राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारल्यांची आणखी वेगळी. ही सगळी गर्दी भाषाशास्त्रज्ञापुढे ठेवली तर तो तिची दोनच भाषाकुलांत वाटणी करेल. मराठी, गुजराती, भोजपुरी, वारली ही मंडळी इंडो-युरोपीय कुलातली. तुळू आणि तमिळ द्राविडी. एखाद्या सलूनमध्ये मिझो बोलणारी मुलगी भेटली तर तिसरं कुल, तिबेटी-ब्रह्मी.

चौथं कुल कांदिवलीत भेटणं अवघड. गंमत अशी की ते महाराष्ट्रातच राहतं. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, कोरकू बोलली जाते. २०११च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७ लाख २७ हजार लोक होते. त्यांतले बहुतेक मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर या बाजूला, उरलेले मुख्यतः आपल्याकडे. ही भाषा मराठीच्या नात्यातली नाही आणि शेजारच्या गोंडीच्याही नाही. तिच्या सख्ख्या बहिणी झारखंड-ओडिशात आहेत, आणि चुलत भावंडं मेघालय, कंबोडिया, व्हिएतनाम इथे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही शुद्ध थाप वाटते. ती थाप नाही हे ठरवतात कसं, ते एकदा सावकाश पाहण्यासारखं आहे.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण कोणत्याही भाषेत पहिल्यांदा विचारायची गोष्ट तीच. कोरकूत एक ते दहा साधारण असे मोजतात: मिया, बारी, आफई, उफून, मोनोई, तुरूई, येई, इलार, आरेई, गेल. गावोगाव उच्चार थोडे बदलतात. आता झारखंडची संथाळी घ्या: मित्, बार, पे, पोन, मोंड़े, तुरूय, एयाय, इराल, आरे, गेल. मध्ये जबलपूरपासून रायपूरपर्यंतचा सगळा हिंदी-छत्तीसगढी-गोंडीचा मुलूख, तरी सहा आणि दहा जवळजवळ अक्षरशः तेच. आठकडे नीट पाहा. कोरकूत इलार, संथाळीत इराल. ल आणि र यांनी जागा बदलल्या आहेत; आपल्याकडे कुणी ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतं, तसं.

पण एवढ्यावर नातं जाहीर करायची घाई करू नये. शब्द दोन कारणांनी सारखे दिसू शकतात आणि दोन्ही वेळा नात्याचा काही संबंध नसतो. एक कारण योगायोग. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास एक, आणि तरीही हे दोन शब्द एका मुळाचे नाहीत. दुसरं कारण उसनवारी. ‘चहा’ हा शब्द चिनी. तो आपण रोज सकाळी उच्चारतो म्हणून मराठी काही चिनीची बहीण होत नाही. ‘अडकित्ता’ आणि ‘अक्का’ कन्नडकडून आले, म्हणून मराठी द्राविडी ठरत नाही. आकडे तर बाजाराबरोबर हमखास बदलतात. मेळघाटातला दुकानदार मराठीत किंवा हिंदीत हिशोब करतो, त्यामुळे कोरकू पोरंही मोठे आकडे त्याच भाषांत मोजतात.

म्हणून अभ्यासक सहसा उसने न घेतले जाणारे शब्द आधी गोळा करतात. हात, डोळा, नाक, पाणी, वारा, मूल, माणूस असे. तेवढं करूनही नुसतं साम्य पुरत नाही. खरा पुरावा म्हणजे नेमाने पडणारा फरक. या लेखात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट कुठली असेल तर ती हीच, म्हणून तिथे थोडं थांबू.

कोरकूत माणसाला ‘कोरो’ म्हणतात. झारखंडातल्याच मुंडारीत ‘होड़ो’, संथाळीत ‘होड़’. कोरकूत मासा ‘काकू’, मुंडारीत ‘हाकु’, संथाळीत ‘हाको’. कोरकूत मुलगा ‘कोन’, मुंडारीत ‘होन’. कोरकूत वारा ‘कोयो’, मुंडारीत ‘होयो’. माणूस, मासा, मूल, वारा या चार गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण चारही ठिकाणी कोरकूत क आहे आणि तिकडे ह. योगायोग एवढा शिस्तीचा नसतो. उसनवारीही नाही, कारण उसना घेतलेला शब्द सहसा आहे तसा येतो. मुद्दाम प्रत्येक वेळी पहिलं अक्षर बदलून कोणी उसनं घेत नाही. एकाच जुन्या भाषेच्या दोन शाखा झाल्या आणि एकीत एक ध्वनी सरसकट बदलला, एवढंच स्पष्टीकरण उरतं.

मग पुढचा प्रश्न: आधी क होता की ह? दोघा भावांच्या भांडणात तिसऱ्याची साक्ष काढतात, तशी इथे लांबच्या नातेवाइकांची काढतात. मेघालयातल्या खासी भाषेत मूल म्हणजे ‘खुन’, कंबोडियातल्या ख्मेरमध्ये ‘कोन’, व्हिएतनामीत ‘कॉन’. मासा खासीत ‘खा’, व्हिएतनामीत ‘का’. साक्षीदार सगळे क-ख च्या बाजूचे. म्हणजे जुना ध्वनी क च्या घरातला होता; मुंडारी आणि संथाळीच्या पूर्वजांनी तो ह केला आणि कोरकूने सांभाळून ठेवला. संथाळी बोलणारे सत्तर लाखांच्या वर, तिला २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, ओल चिकी नावाची स्वतःची लिपीही आहे. कोरकूकडे यातलं काही नाही. या एका बाबतीत मात्र जुना ऐवज मेळघाटातल्या गरीब बहिणीकडे निघाला.

इथवर सगळं सुरळीत आहे. आता अडचण. वाघाला कोरकूत ‘कुला’ म्हणतात. वरच्या नियमाने मुंडारीत ‘हुला’ हवा. प्रत्यक्षात मुंडारीतही ‘कुला’च आहे आणि संथाळीत ‘कुल’. नियम मोडला का? भाषाशास्त्रज्ञ अशा ठिकाणी खांदे उडवून पुढे जात नाही. नियमाला अपवाद दिसला की अपवादामागे दुसरा नियम शोधायचा, हा त्याचा धर्म. इथे काही अभ्यासकांनी सुचवलं ते असं: मूळ भाषेत क दोन होते. एक साधा, दुसरा घशाच्या आणखी आतून येणारा, उर्दूतल्या ‘क़लम’मधल्या क़ सारखा. वाघातला साधा क सगळीकडे तसाच राहिला. माशातला आणि माणसातला आतला क़ मुंडारी-संथाळीकडे ह झाला, कोरकूत तो साध्या क मध्ये मिसळून गेला. आज या भाषांत कुठेही न ऐकू येणारा ध्वनी केवळ फरकांच्या हिशोबातून असा हाती लागतो. मला या शास्त्रातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

क आणि क़ असे दोन्ही ध्वनी आजही वेगळे ठेवणारी भाषाकुलं जगात आहेत. त्यांतलं एक कांदिवलीकरांच्या ओळखीच्या गावांत राहतं. ज्यांची मुलं-सुना सिॲटलच्या आसपास नोकरीला आहेत त्यांनी समामिश, स्नोक्वाल्मी, स्नोहोमिश ही नावं व्हिडिओ कॉलवर शंभरदा ऐकली असतील. ही सगळी सेलिश भाषाकुलातली नावं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन, आयडाहो, माँटाना, ओरेगन आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मिळून या कुलाच्या २३ भाषा होत्या. सिॲटल हे शहराचं नाव ज्या मूलनिवासी प्रमुखावरून पडलं, तो त्यांतली लशूतसीड भाषा बोलणारा. समामिश, स्नोहोमिश, डुवामिश, सुक्वामिश या नावांच्या शेपटीतला ‘मिश’ म्हणजे लोक. पण आजच्या लशूतसीडमध्ये त्या लोकांची नावं विचारली तर ‘स्डुहुब्श’, ‘सुक्वाब्श’ अशी मिळतात. म चा ब झालेला आहे. बहुतेक सेलिश भाषांत जिथे म आणि न येतात, तिथे लशूतसीडमध्ये नेमाने ब आणि ड येतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात नावं लिहून घेतली तेव्हा हा बदल पुरता झाला नव्हता, त्यामुळे रस्त्यावरच्या पाट्यांवर जुना म तसाच राहून गेला. कोरकू-मुंडारीत क आणि ह, तिकडे म आणि ब, रीत तीच.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. सेलिश कुलातली नुखाल्क नावाची भाषा बाकीच्या भावंडांपासून तुटून दूर उत्तरेला आहे आणि मध्ये परक्या कुलाच्या भाषा पसरल्या आहेत. स्वर मुळीच नसलेल्या लांबलचक शब्दांसाठी ती भाषाशास्त्राच्या वर्गांत प्रसिद्ध आहे. आपली कोरकू तशीच मुंडा शाखेची, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या घराण्यातली, पश्चिमेकडे एकटी राहिलेली भाषा.

ध्वनींचा हिशोब जुळला की व्याकरणाकडे वळायचं. शब्द उसने मिळतात, पण व्याकरणाचा सांगाडा सहजी उसना मिळत नाही. कोरकूत ‘कोरो’ एक माणूस, ‘कोरोकिंग’ दोन माणसं, ‘कोरोकू’ अनेक. म्हणजे संस्कृतसारखं द्विवचन, आणि जमातीचं व भाषेचं नावही यातूनच आलेलं. मुंडारीत हेच प्रत्यय ‘किंग’ आणि ‘को’. सर्वनामं तर मराठी माणसाला विशेष समजतील, कारण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतो. ‘आम्ही सिनेमाला जातोय’ म्हटलं की समोरच्याने घरी बसायचं, आणि ‘आपण’ म्हटलं की चपला घालायच्या. कोरकू हा फरक द्विवचनातही करते. तू आणि मी असे दोघं, ‘आलांग’. मी आणि तो, तू सोडून, ‘आलिंग’. आपण सगळे, ‘आबुंग’. आम्ही सगळे, तू सोडून, ‘आले’. मुंडारीतली चार रूपं आलांग, आलिंग, आबु, आले. इतकी बारीक वीण दोन भाषांत जशीच्या तशी आढळली की नात्यावर शिक्कामोर्तब झाल्यासारखंच असतं.

हे नातं टप्प्याटप्प्याने उलगडलं. मॅक्स म्युलरने १८५४मध्ये मुंडा भाषा द्राविडीपासून वेगळ्या काढल्या. विल्हेल्म श्मिट या ऑस्ट्रियात काम केलेल्या अभ्यासकाने १९०६मध्ये त्यांचं खासी, मोन, ख्मेर यांच्याशी नातं मांडून मोठ्या कुलाला ऑस्ट्रो-एशियाटिक हे नाव दिलं. कोरकूच्या बाजूने पाहिलं तर पहिलं धड व्याकरण जॉन ड्रेक यांचं, १९०३चं. विसाव्या शतकात नॉर्मन झाइड आणि के. एस. नागराज यांनी पायाभूत काम केलं. मुंडा भाषा बोलणारी माणसं कुठून आली याबद्दल आज साधारण मत असं की या भाषा सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियातून आल्या. पॉल सिडवेल यांच्या मते समुद्रमार्गे ओडिशाच्या किनाऱ्यावर उतरून. मुंडा भाषक पुरुषांच्या वंशरेषांत आग्नेय आशियाचा ठसा ठळक दिसतो, मातृवंश मात्र बहुतांशी इथलेच. भाषा आणि रक्त नेहमी बरोबर चालत नाहीत, हे यात ओघानेच आलं.

आता मेळघाटाशेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात उतरू. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा मोजक्या गावांत निहाल लोक निहाली बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६च्या चौथ्या खंडात तिची नोंद कोरकूच्या सोबतच झाली होती, आणि वरवर पाहता ते बरोबरही वाटतं, कारण निहालीत कोरकू शब्दांचा भरणा मोठा आहे. आकडे ऐका: बिदुम, इरार, मोठ, नालो. दोन-तीन-चार तर कांदिवलीच्या इडलीवाल्यालाही ओळखीचे वाटतील. त्याचे इरंडु, मूणु, नालु. मग निहाली द्राविडी का? वर सांगितलेली चाळणी लावा. आकडे उसने मिळतात. कोरकूशी जुळणारे शब्दही उसनेच असावेत, कारण त्यांच्यात नेमाचा फरक सापडत नाही. उसनं ते सगळं बाजूला काढलं की तळाशी राहतात ‘जोप्पो’ म्हणजे पाणी, ‘जिकी’ म्हणजे डोळा असे शब्द. पाण्याला कोरकूत ‘डा’, डोळ्याला ‘मेद’. व्हिएतनामीतही डोळा ‘मात’. ‘जिकी’ला मात्र कुठेच जोडीदार नाही. डच विद्वान एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२च्या पुस्तकात हिशोब मांडला तेव्हा निहालीचा सुमारे एक चतुर्थांश शब्दसंग्रह कोणत्याच ज्ञात कुलाशी जुळेना. ही मुळात लपवून बोलायची गुप्त बोली असेल अशीही शंका त्यांनी घेतली होती. पुढे नागराज आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी गावांत राहून केलेल्या नोंदींनंतर बहुतेक अभ्यासक तिला एकाकी भाषा मानतात. तिचं कुल तीच. ज्या कुलाची बाकी सगळी माणसं गेली, त्याची ही उरलेली एकटी असेल.

सेलिशच्या शेजारीही अशीच एक आहे. १८५५च्या तहाने ठरलेल्या माँटानातल्या फ्लॅटहेड राखीव प्रदेशात सेलिश आणि कूटेनई लोक एका प्रशासनाखाली राहतात, त्यांचं कॉलेजही दोघांच्या नावाचं. कूटेनई भाषा मात्र सेलिशच काय, कोणाच्याच नात्यात बसलेली नाही. दोन खंडांत, दोन डोंगराळ कोपऱ्यांत, एका कुलाशेजारी एक एकाकी भाषा. यातून काही सिद्ध होत नाही, पण मोठ्या भाषांच्या लाटा डोंगराच्या पायथ्याशी थबकतात आणि वरच्या खोऱ्यांत जुनं काही टिकून राहतं, एवढं दिसतं.

टिकण्याचं सांगायचं तर सेलिश भाषांचे हाल आपल्याहून वाईट झाले. मुलांना सरकारी आणि मिशनरी निवासी शाळांत नेऊन मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत. क्लॅलम भाषा जन्मतः बोलणाऱ्या शेवटच्या हेझेल सॅम्पसन २०१४मध्ये १०३व्या वर्षी गेल्या. तोवर त्या भाषेचा कोश मात्र तयार झाला होता, आणि त्यांच्या पोर्ट अँजेलिस गावातल्या हायस्कुलात ती विषय म्हणून शिकवली जात होती. लशूतसीडसाठी व्ही हिल्बर्ट या बाईंनी आयुष्य वेचलं. माँटानात २००२मध्ये सेलिश माध्यमाची छोटी शाळाच निघाली. एवढं सगळं शेवटच्या पिढीने, शेवटच्या क्षणी केलं.

कोरकूला अजून ती पाळी आलेली नाही. मेळघाटात आजही घराघरांत मुलं कोरकूत भांडतात. पण पहिलीत पाऊल टाकलं की पुस्तक मराठीत, गुरुजी बहुधा बाहेरगावचे, आणि मूल दोन वर्षं नुसतं ऐकत बसतं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं सांगतं. ‘शक्य तिथे’ या दोन शब्दांत किती पळवाटा असतात ते सरकारी कागद वाचणाऱ्याला सांगायला नको. कोरकूला देवनागरी चालते, व्याकरणं छापलेली आहेत, बोलणारे लाखांत आहेत. इथे शक्य नसेल तर कुठे असणार?

निहालीची गोष्ट त्याहून अवघड, कारण ती सरकारी तक्त्यात उमटतच नाही. १९७१पासून जनगणना दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे छापत नाही. त्या ‘इतर’ रकान्यात जातात. आणि तक्त्यात नाव आलं तरी ते योग्य घरी पडेलच असं नाही. २०११मध्ये वारलीची गणना भिली गटाखाली झाली, जरी अ. मा. घाटगे यांनी ठाण्याच्या वारलीचं वर्णन मराठीच्या बोलींच्या पाहणीत केलेलं आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येऊन मातृभाषा विचारेल तेव्हा घरात जी बोलली जाते तिचंच नाव सांगा, मग ती वारली असो, सामवेदी असो, ईस्ट इंडियन असो की कोरकू. सवयीने ‘मराठी लिहा’ म्हणू नका. सांगाल ते नाव लिहून घेणं प्रगणकाचं काम आहे, आणि त्याने तेच लिहिलं का, हे नोंद पक्की होण्याआधी पाहून घ्या.